ऋतुजाची बरणी

"आली होती! आली होती गं बाई, आजही...!"

हेमाताईंचा कापरा आवाज स्वयंपाकघरातून आला आणि देवापाशी वाती वळत बसलेल्या कुसुमचे हात थबकले. रोजचंच होतं हे. सकाळचे सहा वाजले, की पुण्याच्या नारायण पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात फ्रिजचं दार उघडायचं. वरच्या कप्प्यातल्या निळ्या झाकणाच्या काचेच्या बरणीकडे हेमाताई डोळे विस्फारून बघायच्या, आणि बरणी रिकामी दिसली, की पदराने डोळे टिपत चक्क फ्रिजलाच हात जोडायच्या! फ्रिजच्या पांढऱ्या दारावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. वर्षभरात त्यांचा चांगला थर जमला होता. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला मिळत नसेल एवढा मान त्या घरात फ्रिजला होता, आता बोला!

निळ्या बरणीच्या शेजारी लाल झाकणाची दुसरी बरणी. ती मात्र काठोकाठ भरलेली, चमचाही न लागलेली. ती स्पृहाची.

"बघ," हेमाताई कुसुमकडे वळून म्हणाल्या, "गेलेली येऊन खाऊन जाते, आणि जिवंत पोर तुझ्या हातचं तोंडात घेत नाही. आता काय म्हणावं तुला!"

कुसुमने मान खाली घातली. फक्त एका वाक्यात, अगदी चार शब्दांत तिला स्वतःची सुटका करून घेता आली असती... पण ते वाक्य तिने गेलं वर्षभर ओठांआड कोंडून ठेवलं होतं. आणि ते बोलायचं नाही, प्राण गेला तरी बोलायचं नाही, अशी तिने मनोमन शपथ घेतली होती.

निळी बरणी ऋतुजाची. ऋतुजा म्हणजे हेमाताईंच्या मुलाची, आमोदची पहिली बायको, नऊ वर्षांच्या स्पृहाची आई. कात्रजकडच्या शेतकरी घरातली मुलगी, पण हुशार, हसरी आणि तोंडाने फटकळ. खराडीला तिची नोकरी होती. सकाळी सव्वासातला कंपनीची गाडी यायची, मग पोहे-उपम्याला वेळ कुठला? म्हणून ती आदल्या संध्याकाळीच नाश्ता करून ठेवायची. चियाचं बी दुधात भिजवायचं, थोडा मध, चिमूटभर वेलची, आणि दोन बरण्या फ्रिजमध्ये. रात्रभरात बी फुगून दाट, थरथरतं पुडिंग तयार. सकाळी वरून हंगामातली फळं चिरून घातली, की मायलेकी शेजारी शेजारी बसून बरणीतच चमचा घालून खायच्या.

हेमाताईंना ते बघवायचं नाही. "आमच्याकडे माणसं पोहे खातात हो. बेडकाची अंडी खायची पद्धत नाही आमच्यात," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. ऋतुजा खळखळून हसली होती. "आई, एकदा चाखा तरी! आवडली नाहीत तर उद्या खऱ्या बेडकाची आणते!"

आणि मग तो दुष्ट श्रावण आला. साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. हसतं-खेळतं घर क्षणात मुकं झालं. ताप भरण्याआधी तिने भिजवून ठेवलेल्या दोन बरण्या फ्रिजमध्ये तशाच होत्या. त्या टाकायला पुढे पंधरा दिवस कुणाचा हात धजावला नाही.

कुसुम आमोदची दुसरी बायको म्हणून या घरात आली ती त्यानंतर वर्षाने. भोरकडची ही मुलगी बालवाडीत शिकवायची. पहिल्या लग्नात सात वर्षं झाली तरी कूस उजवली नाही, म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. पाहण्याच्या वेळी आमोदने स्पष्टच सांगितलं होतं, "मला बायकोपेक्षा स्पृहाला माणूस हवंय." दुसरी कुणी असती तर तिचा अपमान झाला असता. कुसुमच्या मात्र काळजात काहीतरी हललं. जिला जगाने वांझ म्हणून उंबऱ्याबाहेर काढलं, तिला देव आयती लेक देत होता!

पण लेक अशी कुणाच्या दिल्याने मिळते का?

पहिल्याच संध्याकाळी कुसुमला फ्रिजच्या बाजूला चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी दिसली. ऋतुजाचं अक्षर, घाईघाईचं, उजवीकडे कललेलं. "तीन चमचे बी, एक कप दूध. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळ, नाहीतर गुठळ्या!!!" ती तीन उद्गारचिन्हं बघून कुसुमला उगाच वाटलं, की ही बाई आपल्याशीच बोलते आहे. तिने बी आणलं, कात्रज डेअरीच्या दुधाची पिशवी फोडली, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे सगळं केलं, आणि लाल झाकणाची बरणी भरून फ्रिजमध्ये ठेवली.

दारात स्पृहा उभी होती. "आईची कुठाय?"

"म्हणजे गं?"

"आईची बरणी. दोन असतात." पोरीचा चेहरा दगडासारखा होता. "तू आईची ठेवली नाहीस."

कुसुमने मुकाट्याने निळी बरणीही भरली. सकाळी बघतात तो लाल बरणी जशीच्या तशी, आणि निळी रिकामी! हेमाताईंनी किंचाळीच फोडली. आमोद पांढराफटक पडला. स्पृहा एवढंच म्हणाली, "मला नको. हिच्या हातचं मला नको." आणि उपाशीच शाळेत गेली.

त्या दिवसापासून हे सत्र सुरू झालं. रोज दोन बरण्या, रोज एक भरलेली आणि एक रिकामी. शेजारच्या सत्यशीलाबाईंपासून थेट कात्रजपर्यंत बातमी गेली, की आमोदची पहिली बायको रोज पहाटे येऊन आपला वाटा खाऊन जाते! कुसुमलाही पहिले काही दिवस भीती वाटली, का खोटं बोला? ओट्यापाशी एकटी उभी राहिली, की मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवायचा. दहा मिनिटांनी दुसऱ्यांदा ढवळताना वाटायचं, आपल्या मागे कुणीतरी उभं राहून बघतंय, गुठळी राहिली का म्हणून...

आणि आठव्या दिवशी तिला सगळं कळलं.

दोन दिवस आधी संध्याकाळी तिने निळ्या बरणीत पपई घातली होती. ऋतुजाला पपई जीव की प्राण, असं आमोदनेच सांगितलं होतं. पण सकाळी बघते तो बरणीतलं सगळं संपलं होतं आणि पपईचे तुकडे तेवढे तळाशी राहिले होते. कुसुम त्यावर दिवसभर विचार करत राहिली, आणि संध्याकाळी तिने पुन्हा पपईच घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच तिला जाग आली. पाण्यासाठी ती उठली, तर स्वयंपाकघरात फ्रिजचा उजेड पडलेला, आणि त्या उजेडात स्टुलावर पाठमोरी बसलेली स्पृहा! पोर भराभरा खात होती. दोन बोटांनी पपई बाजूला काढत होती, फ्रॉकच्या टोकाला तोंड पुसत होती. पोटात आगडोंब उसळलेल्या माणसासारखी खात होती बिचारी. मग तिने झाकण लावलं, रिकामी बरणी जागच्या जागी ठेवली, आणि हात जोडून अगदी हळू पुटपुटली,

"आई, मी तुझंच खाल्लं हं. तिचं नाही खाल्लं."

कुसुमने तोंडावर पदर दाबून धरला. पावलं न वाजवता ती माघारी आली आणि अंथरुणावर पडली. केवढं ओझं त्या एवढ्याशा जिवाने डोक्यावर घेतलं होतं! नव्या बाईच्या हातचं गोड लागलं, तर आईशी बेइमानी होईल... म्हणून पोर आईच्या नावाच्या वाट्यातून चोरून जेवत होती!

कुसुमने तेव्हाच ठरवलं. हे बोलायचं नाही. बोललो तर पोर लाजेने मरेल, आणि हेही खाणं बंद होईल. त्यापेक्षा जगाने आपल्याला नावं ठेवली तरी चालतील. मात्र दुसऱ्या दिवसापासून निळ्या बरणीतली पपई बंद झाली. त्याऐवजी डाळिंबाचे दाणे आले, सीताफळाचा गर आला, बदामाची पूड आली. तिनाचे चार चमचे झाले. लाल बरणी आमोदच्या ऑफिसच्या पिशवीत जायची आणि निळी त्या पोरीच्या पोटात. स्पृहाचे गाल हळूहळू भरत होते आणि घरातलं कुणीही म्हणत नव्हतं, की पोर उपाशी राहून बाळसं कसं धरते! माणसाला जे बघायचं असतं तेवढंच दिसतं, हेच खरं.

तिच्या तोंडाला आणखी एक कुलूप होतं. एका दुपारी हेमाताई फ्रिजपाशी उभ्या राहून स्वतःशीच बोलत होत्या. "रागावून गेली नाहीस ना गं माझ्यावर? असतीस, तर या घरचं अन्न शिवली असतीस का? ये हो... रोज येत जा." ते ऐकून कुसुमचं मन गलबललं. सुनेला आयुष्यभर टोमणे मारलेल्या त्या म्हातारीला एका रिकाम्या बरणीने झोप दिली होती. ती झोप कोणत्या तोंडाने हिरावून घ्यायची?

भाद्रपद लागला. पितृपक्षातली अविधवा नवमी जवळ आली, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईची तिथी. आणि त्याच आठवड्यात कात्रजहून ऋतुजाच्या भावाचा, मच्छिंद्रचा, आमोदला फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि कुसुम तिथेच भाजी निवडत होती.

"दाजी, सरळ बोलतो, राग मानू नका. ताई आमची सुटली न्हाई. लेकरात जीव अडकलाय तिचा, म्हणून ती रोज येती हाय. लेकरू दुसरीच्या हातचं खात न्हाई, ते ताईला बघवंना. नवमीला आई आन मी येतो. स्पृहाला आमच्याकडं घिऊन जातो, कायमची. लेकरू आजोळी आलं, की ताई सुटंल."

 आमोद म्हणाला, "बरं."

 फोन ठेवून आमोद तिच्याकडे न बघता म्हणाला, "कुसुम, मला तरी दुसरं काय सुचणार? वर्ष झालं. ती तुला स्वीकारत नाही... तुला काही बोलायचंय?"

बोल! आता तरी बोल! तिचं अंतःकरण आक्रोश करत होतं. तुझी लेक चालली... तुझ्या हातची चव जिच्या जिभेवर रोज पहाटे असते, ती तुझी लेक चालली! पण दारामागे स्पृहाची सावली हलली. कुसुमने भाजीची पुढची काडी उचलली.

"नाही," ती म्हणाली. "तिच्या भल्याचं असेल ते करा."

आणि निवडलेली मेथी तिने परत पहिल्यापासून निवडायला घेतली.

नवमीचा दिवस उजाडला. सकाळपासून कुसुम ओट्यापाशी उभी होती. खीर, वडे, आमटी, भाज्या, चटण्या, सगळं सोवळ्यात झालं. सत्यशीलाबाई सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. त्यांनी पोटभर जेवून, ओटी भरून घेऊन, निघताना शेरा मारलाच, "स्वयंपाक उत्तम हो. मुलगी सोडून सगळ्यांना आवडतो वाटतं!"

दुपारी मच्छिंद्र आणि त्याची आई सरुबाई आले. आमोदने दुसरं लग्न केलं त्या दिवसापासून सरुबाईंनी या घराच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. "ज्या घरात माझ्या लेकीची जागा भरली, त्या घरचं पानी पिनार न्हाई," असं त्या चारचौघांत बोलून गेल्या होत्या. आज लेकीची तिथी, म्हणून आल्या. कुसुमने पुढे केलेल्या तांब्याला त्यांनी हातही लावला नाही. तोंड फिरवून त्या भिंतीवरच्या ऋतुजाच्या फोटोखाली बसल्या.

"इहीणबाई, ती बरनी कुठं हाय?" त्यांनी हेमाताईंना विचारलं.

हेमाताईंनी रिकामी निळी बरणी आणून त्यांच्या हातात दिली. सरुबाईंनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि त्या माउलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ऋतू... माझे बाय... भुकेजून येतीस व्हय गं अजून...!"

बघवत नव्हतं ते कुणालाच. मच्छिंद्रने तोंड फिरवलं. आमोद गॅलरीत जाऊन उभा राहिला. स्पृहा आतल्या दाराला पाठ लावून उभी होती. तिच्या पायाशी कुसुमनेच भरून दिलेली बॅग होती. पोरीच्या ओठांना रक्ताचा थेंबही नव्हता.

"चला," मच्छिंद्र खाकरून म्हणाला. "कात्रजच्या चौकात गर्दी व्हायच्या आत पोचू."

तेव्हा कुसुम पुढे आली. तिच्या हातात बियांचा डबा होता आणि फ्रिजवरून अलगद सोडवलेली ती पिवळी चिठ्ठी होती. सरुबाईंसमोर जमिनीवर बसून ती बोलू लागली. 

"मावशी, तुम्ही माझ्याशी बोलत नाही, ठाऊक आहे मला. बोलू नका. फक्त ऐका. तिच्या नाश्त्याचं सांगते. संध्याकाळीच भिजवायचं. कपभर दुधाला तीन चमचे. ढवळून ठेवायचं आणि दहा मिनिटांनी परत ढवळायचं, विसरायचं नाही, नाहीतर खाली गोळा बसतो. मग फ्रिजमध्ये. फळं सकाळी घालतात, पण तुम्ही संध्याकाळीच घाला. आणि दोन बरण्या करा. एक तिची, एक तिच्या आईची. दोन्ही ठेवा, आणि पहाटे कुणीही त्या खोलीत जाऊ नका. आईच्या बरणीत चार चमचे घाला, थोडी बदामाची पूड घाला. डाळिंब घाला, सीताफळ घाला, केळं चालेल. पपई मात्र त्या बरणीत घालू नका..."

"पपई नगं?" सरुबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे रोखून बघितलं. "आगं, माझ्या ऋतूला पपई म्हंजी काय सांगू! झाडाखाली बसून खायची. तिच्याच बरनीत पपई नगं? का गं?"

कुसुमचा चेहरा खर्रकन उतरला. केलं काय हे आपण! पोरीचं पोट भरावं म्हणून सांगायला गेलो आणि वर्षभर जपलेलं गुपित स्वतःच्याच तोंडाने सांडलं! 

"पपई... पपई मला आवडत नाही."

दारातून आवाज आला होता. सगळ्यांनी वळून बघितलं. स्पृहा दोन पावलं पुढे आली होती. तिची नजर कुणाकडेच नव्हती. फक्त कुसुमकडे होती.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली.

कुसुमने हातातली चिठ्ठी नीट दुमडली.

"कुसुममावशी, सांग ना! तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आठव्या दिवसापासून."

"मग तू बोलली का नाहीस? सगळे तुला बोलत होते! आजी बोलायची, त्या सत्यशीलाकाकू बोलायच्या... मामा मला नेतोय तरी बोलली नाहीस!"

"तू खात होतीस ना, बाळा," कुसुम म्हणाली. "कुणाच्या का नावाने होईना... खात होतीस ना!"

आणि मग त्या पोरीचा वर्षभराचा बांध फुटला. ती धावत आली ती कुसुमच्या अंगावरच कोसळली. हुंदक्यांनी तिचं सारं शरीर गदगदत होतं. "मीच खायचे... आई नाही येत... मीच खायचे रोज! मला भूक लागायची. आणि ते छान लागायचं. आईच्यासारखंच लागायचं... म्हणून मला खूप वाईट वाटायचं! मला वाटायचं, तुझं आवडलं तर आई जाईल... कायमची जाईल...!"

 मच्छिंद्रसारखा सहा फुटी गडी, हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत खाली मान घालून उभा होता. आमोद गॅलरीच्या दारात खिळला होता. बायकोच्या मौनाचा अर्थ त्याला आज कळत होता, आणि स्वतःच्या त्या "बरं"ची त्याला शरम वाटत होती. "कुसुम, मी तुला एकदाही नीट विचारलं नाही..." एवढंच तो कसंबसं म्हणाला.

 सरुबाईंनी निळी बरणी हळूच खाली ठेवली.

"पोरी," त्या कुसुमला म्हणाल्या, "पानी दे मला."

कुसुमला क्षणभर कळलंच नाही.

"आगं बघतीस काय? तान लागलीया. तुझ्या हातचं पानी दे. वरीसभर तू माझ्या लेकीच्या नावानं माझ्या नातीला जेवू घातलंस, आन आम्ही तुलाच वैरीन म्हनत हुतो... मच्छिंद्रा, ती बॅग आत ठेव. लेकरू कुठं जात न्हाई."

कुसुमने तांब्या दिला. सरुबाई घटाघटा प्यायल्या. पण त्याच वेळी एक विचित्र, रिता, घुसमटलेला आवाज आला आणि सगळे दचकले. हेमाताई फ्रिजच्या दाराला धरून खाली बसत चालल्या होत्या.

"म्हणजे... ती येत नव्हती?" त्या म्हणत होत्या. "कधीच आली नाही...? एकदाही नाही?"

 याच प्रश्नाला तर कुसुम वर्षभर भ्यायली होती! ती लगबगीने त्यांच्यापाशी गेली, त्यांचं डोकं तिने आपल्या खांद्यावर घेतलं.

"मी तिला फार बोलले गं कुसुम," हेमाताई लहान मुलीसारख्या रडत होत्या. "ताप भरला त्याच्या आदल्या सकाळी चमचा घेऊन माझ्यामागे आली होती. एक घास खा आई, म्हणाली. मी हात झटकला तिचा. चमचा खाली पडला... फरशी पुसून गेली ती. मला वाटलं, येते, म्हणजे विसरली... म्हणजे माफ केलं तिने..."

"आजी," स्पृहा डोळे पुसत जवळ आली. "आई रागावली नव्हती. ती हसत होती. मला म्हणाली, आजीला एक दिवस खायला लावतेच बघ."

हेमाताईंनी नातीला कवटाळलं. त्या रडल्या, मोठमोठ्याने रडल्या. ऋतुजा गेली तेव्हा लोकांसमोर कोरडी राहिलेली ती बाई आज दोन वर्षांनी सुनेसाठी रडली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर कुसुमने सवयीने दूध काढलं, बी मोजलं. मग ती थांबली. "स्पृहा, किती बरण्या भरू?"

पोरीने बराच विचार केला. "दोन," ती म्हणाली. "आईच्यात पपई घाल."

सकाळी सहाला कुसुम स्वयंपाकघरात आली तेव्हा दिवा लागलेला होता. स्पृहा टेबलाशी बसली होती, उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी. तिच्यासमोर लाल झाकण काढून ठेवलेलं होतं आणि ती निवांत खात होती. कुसुमने फ्रिज उघडला. निळी बरणी भरलेली होती. काठोकाठ. वर पपईच्या फोडी, जशा ठेवल्या होत्या तशाच.

असंच असणार, हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! स्पृहा सोडली, तर या घरात तिला एकटीलाच पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा ती भरलेली बरणी बघून तिने फ्रिजचं दार घट्ट धरलं. वर्षभर रोज संध्याकाळी जिच्यासाठी म्हणून ढवळलं, जिच्या अक्षराशी बोललं, जी मागे उभी आहे असं वाटून मान वळवली... ती बाई खरोखरच मेली होती. आज मेली होती! आपण तिला कधी पाहिलं नाही, आणि आपल्याला या घरात तिच्याएवढं जवळचं कुणी नव्हतं, हे कुसुमला त्या क्षणी उमगलं. उघड्या फ्रिजच्या गार हवेत उभी राहून ती हमसून हमसून रडू लागली.

"काय झालं?" स्पृहाने विचारलं.

"आज खाल्लं नाही गं तिने..."

 स्पृहाने उठून फ्रिजचं दार लावलं, कुसुमला हाताला धरून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि इकडे तिकडे बघत कपाळाला आठी घालून विचारलं, "तुझी बरणी कुठाय?"

वर्षभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कुसुमच्या स्वतःच्याही मनात तो कधी आला नव्हता. मध घातलेल्या एकाच दुधातून दोन्ही बरण्या भरायच्या, आणि गेलेल्या माणसाच्या वाट्याचं आधी चाखायचं नाही, हा हेमाताईंचा दंडक. त्यामुळे आपल्या हातचा हा पदार्थ कुसुमने आजवर जिभेला लावलाच नव्हता.

"माझी नाही केली," ती म्हणाली.

स्पृहाने आपल्या बरणीतला चमचा भरला, वर डाळिंबाचे दोन दाणे येतील असा नीट भरला, आणि कुसुमच्या तोंडापाशी धरला. "आ कर."

कुसुमने तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं होतं, ते त्या घासात मिसळलं. तिने घास गिळला, आणि एकदम ओशाळून म्हणाली, "अगं बाई... गोड कमी झालंय की गं!"

"रोजच असतं," स्पृहा म्हणाली, आणि तिने दुसरा चमचा भरला.